दोन वर्षांचं टेक्निकल कॉलेज : मुलाला पाठवावं का?

खिडकीतली | १२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचत असते. आज लिहितेय, कारण घरात आठवडाभर धुसफूस चालू आहे आणि कुणाशी बोलावं ते कळत नाही.

आम्ही मिनेसोटात, मिनिआपोलिसच्या उपनगरात राहतो. मुलगा अकरावीत आहे, इथेच जन्मलेला. गणित चांगलं, विज्ञान बरं, निबंध लिहायचा म्हटलं की पोटात दुखतं. दोन वर्षं शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आहे. मागच्या वर्षी त्याने कॉम्प्युटरवर एक ब्रॅकेट काढला. टीमच्या मेंटरने चित्र बघून विचारलं, "आतला हा कोपरा असा काटकोनात कापायला कुठलं टूल आणणार?" फिरणारं कटर गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा थोडा तरी गोल राहतोच, हे याच्या डोक्यातच आलं नव्हतं. झालं, तेव्हापासून त्याला चित्रं काढण्यापेक्षा मशीनवर उभं राहण्याचं वेड लागलंय. आता म्हणतो, चार वर्षांचं इंजिनीअरिंग नको, जवळच्या सरकारी टेक्निकल कॉलेजात 'मशीन टूल'चा दोन वर्षांचा कोर्स करतो.

नवरा गप्प आहे. त्याचं गप्प असणं बोलण्यापेक्षा वाईट. सासऱ्यांना सांगलीत फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आयटीआयच करायचा होता तर अमेरिकेला कशाला गेलात?"

कुणाची मुलं अशा कॉलेजात गेलीत का? पुढे दार बंद होतं का? खरं काय ते सांगा, धीर देऊ नका.

---

नाकासमोर | १२ जानेवारी, रात्री १०:१५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सतरा वर्षांच्या मुलाला काय वाटतं यावर आयुष्याचे निर्णय घेत नसतात. मला त्या वयात क्रिकेटर व्हायचं होतं. आधी चार वर्षांची डिग्री घेऊ द्या, मग गॅरेजमध्ये लेथ घेऊन बसू दे की. अशा कॉलेजांत प्रवेश कुणालाही मिळतो, ही एकच गोष्ट बरंच सांगून जाते.

---

हिमवर्षा | १२ जानेवारी, रात्री १०:३२

वाचतेय. आमच्याकडे हाच सिनेमा दोन वर्षांनी लागणार आहे.

---

पाटीपेन्सिल | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

मी अशाच एका दोन वर्षांच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना कोर्स निवडायला मदत करते (कुठल्या ते विचारू नका). खिडकीतली, तुमच्या "दार बंद होतं का" या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या नावात सापडणार नाही. ते सर्टिफिकेटवरच्या अक्षरांत आहे.

दोन वर्षांची पदवी मुख्यतः तीन प्रकारची असते. ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स), ए.एस. (असोसिएट इन सायन्स) आणि ए.ए.एस. मिनेसोटाच्या सरकारी व्यवस्थेत ए.ए.मध्ये किमान ४० क्रेडिट्स सामान्य शिक्षणाची लागतात, म्हणजे भाषा, गणित, समाजशास्त्र वगैरे. ए.एस.मध्ये किमान ३०. आणि ए.ए.एस.मध्ये, ज्यातला शेवटचा एस 'सायन्स'चा आणि मधला ए 'अप्लाइड'चा, तिथे किमान १५ पुरतात. बाकी सगळं वर्कशॉप आणि त्या धंद्याचे विषय. मशीन टूल, वेल्डिंग, एसी-हीटिंग हे बहुतेक ए.ए.एस. किंवा नुसता डिप्लोमा असतात.

घोळ होतो तो इथेच. आई-वडील समजतात दोन वर्षं झाली, उरली दोन. १२० क्रेडिट्सची बॅचलर डिग्री, ६० इथे झाली, ६० तिथे. ए.ए. असेल तर हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. ए.ए.एस. असेल तर मोठं विद्यापीठ ती १५-२० क्रेडिट्स घेतं आणि लेथवर घालवलेल्या तासांकडे बघून म्हणतं, छान, पण आमच्याकडे याला जुळणारा विषय नाही. दोन वर्षांनी माझ्यासमोर बसून रडलेली मुलं पाहिलीत. कॉलेजने फसवलेलं नसतं, माहितीपत्रकात सगळं छापलेलं असतं. फक्त कुणी ते शेवटपर्यंत वाचलेलं नसतं.

ए.ए.एस.नंतर वाट नसते असंही नाही. 'बॅचलर ऑफ अप्लाइड सायन्स' नावाची डिग्री काही विद्यापीठं याच मुलांसाठी देतात, त्यात धंद्याची क्रेडिट्स धरतात. पण ती इंजिनीअरिंगची डिग्री नव्हे.

इंजिनीअर व्हायची शक्यता मनात एक टक्का जरी असेल, तर गणित बघा. टेक्निकल कॉलेजच्या कोर्समधलं गणित म्हणजे बीजगणित आणि त्रिकोणमिती, तेही कामापुरतं. इंजिनीअरिंगला तीन सेमिस्टर कॅल्क्युलस, डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र लागतं. त्यासाठी तुमच्याकडे ब्लूमिंग्टनचं नॉर्मनडेल कम्युनिटी कॉलेज आहे. तेही सरकारी, तेही दोन वर्षांचं, पण रस्ता वेगळा.

---

चौथीसीट | १३ जानेवारी, सकाळी ७:५०

अवांतर : ब्रुकलिन पार्क नावाच्या एकाच उपनगरात 'नॉर्थ हेनेपिन कम्युनिटी कॉलेज' आणि 'हेनेपिन टेक्निकल कॉलेज' अशी दोन सरकारी दोन-वर्षी कॉलेजं आहेत. भाचीच्या प्लेसमेंट टेस्टला मी तिला अगदी वेळेवर चुकीच्या कॉलेजात पोचवलं होतं. पत्ता नीट बघून निघा.

---

खिडकीतली | १३ जानेवारी, दुपारी १२:२०

पाटीपेन्सिल, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी सरळ दोन अधिक दोन चार करत होते.

चौथीसीट :) आमचंही तेच झालं असतं.

---

थाऊमास्तर | १३ जानेवारी, रात्री ८:३०

बाई, मी भोसरीत टूलरूममध्ये अकरा वर्षं, नंतर इकडे येऊन तेवीस वर्षं मेडिकलचे पार्ट बनवणाऱ्या शॉपमध्ये काम केलं. शेवटची सहा वर्षं संध्याकाळी एका टेक्निकल कॉलेजात मशीन टूल शिकवलं. आता निवृत्त. टायपायला वेळ लागतो, पण हा विषय आला म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, नाकासमोर यांनी लिहिलंय की प्रवेश कुणालाही मिळतो. बरोबर आहे. आत येणं सोपं, आत टिकणं नाही. माझ्या बॅचला सप्टेंबरात अठरा जण असायचे, मे महिन्यात अकरा-बारा. गळणारी मुलं ढ नव्हती. कुणाची गाडी बंद पडली, कुणाला पोर झालं, कुणाला गोदामात रात्रपाळी मिळाली. उपनगरातलं कॉलेज आहे, होस्टेल नाही, बस तासाला एक. गाडी बंद म्हणजे शिक्षण बंद.

दुसरी, शिकवतात काय. पहिल्या दिवशी सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, हात लावू देत नाहीत. आधी मोजणं. मायक्रोमीटर धरायचा कसा, रॅचेट किती फिरवायचा, हाताच्या उबेने पार्ट फुगतो म्हणून मोजायच्या आधी तो थंड कसा होऊ द्यायचा. मग ड्रॉइंग वाचणं. मग हँडलवाला लेथ आणि मिलिंग. मुलं कुरकुरतात, आजकाल हे कोण वापरतं म्हणतात. पण हँडल फिरवताना हाताला जो जोर लागतो ना, त्याने कळतं टूल घासतंय की कापतंय. ते एकदा हातात बसलं की सीएनसीच्या काचेबाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरून समजतं. भोसरीत आम्हाला 'दोन थाऊ' (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे बारीक काम वाटायचं. इकडे पेसमेकरच्या पार्टात थाऊच्या दहाव्या भागासाठी मारामारी. मुलगा त्या वेडाचा असेल तर त्याला सुख लागेल. नसेल तर दोन महिन्यांत कंटाळेल, आणि तेही बरंच, फी थोडी गेलेली असते.

तिसरी, नोकरी. मिनिआपोलिसच्या भोवती मेडिकलची कामं आहेत म्हणून इथे मशिनिस्टला मागणी. मेडट्रॉनिक १९४९ साली एका गॅरेजातच सुरू झाली होती, आता तिच्यासारख्यांना पार्ट पुरवणारी छोटी शॉप्स वायव्येच्या उपनगरांत ठिकठिकाणी आहेत. माझे बरेच विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या मध्येच कामाला लागले. आता उलट बाजू. काहींनी तर नोकरी लागली म्हणून कोर्सच सोडला. शॉपचा मालक म्हणतो, सर्टिफिकेट कशाला, उद्यापासून ये. मुलगा जातो. पाच वर्षांनी मंदी आली की बिनसर्टिफिकेटवाला आधी घरी. तुमचा मुलगा लागला तर एवढं बघा, की कोर्स पुरा करतोय.

चौथी, पाठ आणि पाय. आठ तास काँक्रीटवर उभं राहायचं. माझे गुडघे गेले. हे माहितीपत्रकात नसतं.

---

नाकासमोर | १३ जानेवारी, रात्री ९:०५

मास्तर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण शेवटचा मुद्दा तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात.

---

थाऊमास्तर | १३ जानेवारी, रात्री ९:४८

मांडला की. तुमच्या मानेचा पट्टा सुटला का हो? मागच्या महिन्यात दुसऱ्या धाग्यावर खुर्चीबद्दल विचारत होता.

(दिवा घ्या.)

---

एच४ची_आई | १४ जानेवारी, सकाळी ६:३०

सगळं वाचलं. खिडकीतली, तुमचा मुलगा नागरिक आहे, म्हणून तुमची चर्चा कॉलेज कुठलं इथून सुरू होते. आमची व्हिसापासून होते. इथे वाचणाऱ्या निम्म्या घरांत ग्रीन कार्डची रांग आहे, म्हणून लिहून ठेवते.

एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, मूल शिकू शकतं, टेक्निकल कॉलेजातही. पण त्याला कमवता येत नाही. पगारी इंटर्नशिप नाही, आणि अप्रेंटिसशिप तर मुळात नोकरीच, म्हणजे तीही नाही. मास्तर म्हणतात तसं दुसऱ्या वर्षी शॉपमध्ये लागणं आमच्या मुलीला शक्य नव्हतं. फेडरल मदतही नाही. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ बहुतेकांचा संपतो, मग एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, घ्या. एफ-१ वर असोसिएट पदवीनंतर कामाची परवानगी बारा महिने. त्या परवानगीला पुढे चोवीस महिन्यांची जी वाढ मिळते ती बॅचलर किंवा त्यावरच्याच पदवीला. आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी नोकरीच अशी लागते जिला किमान बॅचलर डिग्री आवश्यक असेल.

म्हणजे मुलगी कितीही चांगली वेल्डर झाली तरी कागदावर तिला इथे राहायला जागा नाही. आम्ही तिला वेल्डिंगच्या क्लासमधून काढलं तेव्हा तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. सध्या मेकॅनिकल करतेय, ठीक आहे. तिचं हेल्मेट अजून बेसमेंटमध्ये आहे.

धीर देऊ नका म्हणालात म्हणून लिहिलं.

---

खिडकीतली | १४ जानेवारी, सकाळी ८:१०

काय लिहू? आमचं ग्रीन कार्ड मुलाच्या दुसरीत आलं, त्यामुळे हा विचार कधी करावाच लागला नाही. तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

---

विस्कॉन्सिनकर | १४ जानेवारी, दुपारी १:१५

शेजारच्या राज्यातून थोडा इतिहास. सासऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल, निदान बोलणं लांबेल.

१९०१ साली शिकागोजवळच्या जोलिएटला तिथल्या शाळेचे प्रमुख आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून शाळेतच कॉलेजची पहिली दोन वर्षं शिकवायचं ठरवलं. सार्वजनिक दोन-वर्षी कॉलेजची सुरुवात तिथली मानतात. म्हणजे त्यांचा हेतू 'पुढे विद्यापीठात जा' हाच होता. हाताच्या धंद्यांच्या शिक्षणाचा ओढा वेगळा. आमच्या विस्कॉन्सिनने १९११ साली त्यासाठी कायदा करून राज्याचा पैसा घातला, १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायद्याने फेडरल पैसा आला. दोन ओढे निराळ्या डोंगरातून आलेत, म्हणून पाटीपेन्सिल म्हणतात ती अक्षरांची भानगड आजही आहे. विस्कॉन्सिनमध्ये १६ टेक्निकल कॉलेजांची व्यवस्था अजून स्वतंत्र आहे. मिनेसोटात टेक्निकल कॉलेजं आधी शाळांच्या जिल्ह्यांकडे होती, म्हणून जुनी माणसं अजून 'व्हो-टेक' (व्होकेशनल-टेक्निकल) म्हणतात. १९९५ साली ती कम्युनिटी कॉलेजं आणि राज्य विद्यापीठांसोबत एका बोर्डाखाली आणली. आता त्या बोर्डाकडे २६ कॉलेजं आणि ७ विद्यापीठं आहेत. एक बोर्ड झालं म्हणून क्रेडिट्स आपोआप इकडची तिकडे जातात असं मात्र नाही.

---

शुश्रूषा | १४ जानेवारी, रात्री ११:५५

ड्युटीवरून आले, थोडक्यात. धाग्यात सगळे लेथवरच बोलतायत. मी एकेचाळिसाव्या वर्षी, पुण्याची एम.कॉम. असताना, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून नर्सिंगची असोसिएट पदवी घेतली. आरएनची (रजिस्टर्ड नर्सची) परवाना परीक्षा चार वर्षांवाल्यांना असते तीच आम्हाला, एकच एनक्लेक्स. कागदावरची नर्स तीच, पगारात सुरुवातीला फारसा फरक नव्हता. फरक पुढे पडतो. मोठ्या हॉस्पिटलांना आता बॅचलर हवी असते, म्हणून मी नोकरी करत ऑनलाइन पूर्ण केली.

वर्गात निम्म्या बायका लायबेरियाच्या होत्या, दोन-दोन नोकऱ्या करून शिकणाऱ्या. अ‍ॅनॅटॉमीच्या पेपराआधी त्यांच्यातल्या एकीच्या स्वयंपाकघरात आम्ही हाडांची नावं घोकायचो. माझ्या एम.कॉम.च्या वर्गातल्या कुणाशी माझा आज संपर्क नाही, या बायका माझ्या मुलीच्या मुंजी-लग्नाला असतात.

मुलीची मुंज नव्हती, झोपेत लिहितेय. बारसं.

---

नाकासमोर | १५ जानेवारी, सकाळी ९:००

नर्सिंगबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. परवाना असलेला धंदा वेगळा. मशिनिस्टला परवाना नसतो, उद्या रोबो आला की काय?

---

थाऊमास्तर | १५ जानेवारी, सकाळी १०:२०

रोबो आलाय. १९९८ ला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याची बोटं घसरली की मलाच हाक मारायचे.

परवान्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. इलेक्ट्रिशियनचं बघा. मिनेसोटात जर्नीवर्कर (तयार कारागीर) परवान्याच्या परीक्षेला बसायला चार वर्षांचा अनुभव लागतो, आणि दोन वर्षांचा मान्य कोर्स केला असेल तर त्यातलं एक वर्ष धरतात. एसीवाल्यांना रेफ्रिजरंटला हात लावायला ईपीएचं, म्हणजे फेडरल पर्यावरण खात्याचं, ६०८ सर्टिफिकेट लागतं. मशिनिस्टला असं काही सक्तीचं नाही. म्हणून त्याची किंमत पूर्ण त्याच्या हातावर. शॉपवाले मुलाखतीत मायक्रोमीटर पुढे करतात आणि म्हणतात, मोज.

---

संपादक | १५ जानेवारी, दुपारी ३:००

धागाकर्तीने मुलाबद्दल विचारलंय, एकमेकांच्या मानेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल नाही. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

हिमवर्षा | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

पैशांचं कुणीच लिहिलं नाही. आम्ही शोधलं ते असं. कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या आकड्यांत देशभरातल्या सरकारी दोन-वर्षी कॉलेजांची सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर आणि राज्यातल्याच विद्यार्थ्याला सरकारी चार-वर्षी विद्यापीठाची ११,६१० डॉलर. मिनेसोटाची कॉलेजं या सरासरीपेक्षा बरीच महाग आहेत, त्यामुळे तो आकडा बघून हुरळू नका. त्याच वर्षी पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना फेडरल सरकारची मदत) जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. २०२४ च्या फॉलपासून 'नॉर्थ स्टार प्रॉमिस' आहे, कुटुंबाचं समायोजित उत्पन्न ८०,००० च्या खाली असेल तर बाकी ग्रँट वजा जाता उरलेली ट्यूशन राज्य भरतं. आपल्याकडे दोघंही नोकरी करत असतील तर बहुतेक बसत नाही. पण नवऱ्याची नोकरी गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला कळवलं तेव्हा तिला हे माहीतच नव्हतं.

---

अटलांटाकर | १५ जानेवारी, रात्री ८:१५

आमच्या जॉर्जियात राज्याची होप ग्रँट टेक्निकल कॉलेजच्या सर्टिफिकेट आणि डिप्लोमाला मिळते. लॉरेन्सव्हिलच्या ग्विनेट टेकमध्ये आपली बरीच मंडळी संध्याकाळच्या क्लासला दिसतात, पण मंडळाच्या गणपतीत कुणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात "एक छोटा कोर्स करतोय".

---

पाटीपेन्सिल | १५ जानेवारी, रात्री ९:३०

खिडकीतली, मुलगा अकरावीत म्हणालात ना? मग पीएसईओ का बघत नाही? पोस्टसेकंडरी एन्रोलमेंट ऑप्शन्स. मिनेसोटाने १९८५ साली देशात पहिल्यांदा हे सुरू केलं. अकरावी-बारावीची मुलं शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स घेतात, ट्यूशन, फी, पुस्तकं सगळं राज्याकडून. टेक्निकल कॉलेजातही चालतं. बारावीत अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस मशीन शॉप. आवडलं तर पुढे जा, नाही आवडलं तर इंजिनीअरिंगचे अर्ज भरायला मोकळा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. शाळेला ३० मेपर्यंत कळवायचं असतं. आणि तिथला ग्रेड हा खरा कॉलेजचा ग्रेड. 'डी' मिळाला तर तो ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा राहतो, वयाच्या तिसाव्या वर्षीही मागे येतो.

---

नाकासमोर | १५ जानेवारी, रात्री ९:५०

हे चांगलं आहे. याला माझा विरोध नाही.

---

चौथीसीट | १५ जानेवारी, रात्री ९:५२

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

---

खिडकीतली | २ मार्च, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. काल ओपन हाऊसला जाऊन आलो. तिघंही. नवरा "पार्किंगमध्ये थांबतो" म्हणाला होता, थंडी पाहून आत आला.

बाहेरून कॉलेज वाटतच नाही. बसकी लांबलचक इमारत आणि तिच्या तिप्पट पार्किंग. आत शिरल्यावर मात्र तो वास, कूलंट की काय म्हणतात, नवरा दारातच थांबला आणि म्हणाला, "आमच्या बाबांच्या शर्टाला हा वास यायचा." सासरे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते. आयटीआयला नावं ठेवणारे तेच. लग्नाला वीस वर्षं झाली, मला त्यांचं काम माहीत होतं, वास माहीत नव्हता.

शिकवणारे गृहस्थ माझ्याकडे बघतच नव्हते, सगळं मुलाशी बोलत होते. मी ग्रेड कसे बघायचे विचारलं तर म्हणाले, तुम्हाला नाही बघता येणार. फेर्पा नावाचा कायदा आहे, मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असला तरी कॉलेजच्या कोर्सपुरते ते हक्क त्याचे, म्हणून कॉलेज आधी त्याची लेखी परवानगी मागतं. मुलगा हे ऐकून फारच खूश झाला. कारमध्ये परवानगी मागितली, म्हणतो विचार करून सांगतो.

मास्तर, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. एका बाकावर स्टीलचा छोटा ठोकळा आणि मायक्रोमीटर ठेवला होता, येणाऱ्या मुलांनी मोजून कागदावर लिहायचं. याने मोजलं, लिहिलं, मग ठोकळा खाली ठेवून दोन मिनिटं नुसता उभा. मी म्हटलं चल. तर म्हणे, "थांब, हातात धरून गरम झालाय, परत मोजतो." ते गृहस्थ पहिल्यांदाच हसले. तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला होता हे मी त्यांना सांगितलं नाही.

ठरलंय असं : बारावीत पीएसईओ. दुपारी मशीन शॉप, सकाळी शाळेत कॅल्क्युलस चालू ठेवायचं, ही नवऱ्याची अट. इंजिनीअरिंगचे दोन अर्जही भरायचे. पुढचं पुढे. पाटीपेन्सिल, मी तिथे ए.एस. की ए.ए.एस. विचारलं तेव्हा समोरच्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, आज सकाळपासून हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, मी सांगतो.

---

एच४ची_आई | ३ मार्च, सकाळी ६:१०

छान झालं. मनापासून.

बूट कितीचे लागतात त्याला? मुलीचे स्टीलच्या टोकाचे आहेत, साडेआठ नंबर, फार तर सहा वेळा घातलेले. तिला विचारलं, देऊन टाक म्हणाली.

---

खिडकीतली | ३ मार्च, सकाळी ७:२५

त्याचा दहा नंबर आहे हो. पण ठेवा ते. देऊ नका कुणाला.

---

थाऊमास्तर | ३ मार्च, सकाळी ९:००

कोर्सच्या सामानाच्या यादीत सहा इंची कॅलिपर असेल. डिजिटल घेऊ नका, डायलवाला घ्या, सुईकडे बघत शिकू दे. माझ्याकडे एक पडून आहे, स्टॅरेटचा, पेटीसकट. डायलची काच तडकली आहे, माप बरोबर दाखवतो. मेपल ग्रोव्हच्या देवळात दर रविवारी अकराला असतो, बुटांच्या रॅकजवळ. मुलालाच पाठवा, तुम्ही नको.